आमच्याच गोलकीपरवर नेम

चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. आयुष्यात मी शिट्टी एकदाच गळ्यात घातली. ती कशी उतरली, ते सांगतो.

लढाई नुकतीच संपली होती, पण जबलपूरच्या आमच्या लष्करी फॅक्टरीतली घाई संपली नव्हती. मी फिटर. चौथी पास, पण हाताखाली बारा माणसं. कॉलनीच्या मोठ्या मैदानातून लष्कराच्या गाड्या हलल्या आणि भांडण लागलं. संध्याकाळी मैदान कोणाचं? व्हॉलीबॉलवाल्या बाबूंचं की हँडबॉलवाल्या पोरांचं? वेल्फेअरचे साहेब पोरांना म्हणाले, "रेल्वेच्या पोरांना हरवा, मैदान तुमचं."

पोरांना तयार करायचं मी अंगावर घेतलं. जागा म्हणजे क्वार्टरांमधली चिंचोळी पट्टी. पीटीचे शुक्ला मास्तर म्हणाले, "जगह कम है तो अच्छा ही है, भैयाजी. तीन-तीन की टोली बनाइए. छोटे खेल में गेंद सबके हाथ आती है. बस, टोली रोज़ बदलिए."

पहिलं पटलं. दुसरं? छे.

"मास्तर, फॅक्टरी में गँग नहीं तोड़ते. गँग टूटी, काम गया."

तीन लाल, तीन निळे. निळ्यांचा म्होरक्या माझा बबन. एका टोकाला गोलकीपर मुन्ना, त्याच्यावर निळ्यांनी मारायचं. दुसऱ्या टोकाला रिकामा ड्रम, तो लालांसाठी. हरेल त्या टोळीने दुसरीचे जोडे उचलायचे. तीन महिने हेच. काय चपळ झाली हो पोरं! चेंडू डोळ्याला दिसायचा नाही.

बायको म्हणाली, "अहो, लाल-निळे शाळेतही बोलून नाही राहिले एकमेकांशी. काहून असं?"

"म्हणजे तयारी पक्की," मी म्हणालो.

मॅचच्या दिवशी सगळ्यांना एकसारखे पांढरे बनियन. पंचाची शिट्टी वाजली. लालांच्या गोपाळने चेंडू पकडला. बबनने झेप घेऊन हिसकावला. मी म्हणालो, शाबास. मग लक्षात आलं, दोघंही आपलेच.

"अरे, गोपाळला पास दे."

"त्याला? काल माझे जोडे नालीत टाकले त्यानं."

रेल्वेची पोरं खेळायचं सोडून बघत उभी. मास्तर कपाळ धरून बसले. तरी पायांत वेग असा, की पाच-पाच बरोबरी. शेवटचं मिनिट.

बबनने पुन्हा गोपाळकडून चेंडू ओढला. वळला. समोर आमचाच मुन्ना. पोरगा थबकला. माझ्याकडे पाहिलं.

आणि तीन महिने त्या जागी त्याला पाहून मी जे ओरडत आलो, तेच ओरडलो.

"मार, बबन!"

बापाचं ऐकणारा पोरगा. मारला. मुन्नाला त्याचा नेम कधी अडवता आलाच नव्हता.

मैदानात पहिली टाळी माझी. दुसरी रेल्वेवाल्यांची.

मैदान बाबूंना गेलं. बबन एवढंच म्हणाला, "बाबा, मी तर मागं फिरून राहिलो होतो." शुक्ला मास्तरांनी हात पुढे केला. मी शिट्टी काढून दिली.

जाताना रेल्वेच्या कप्तानाने वाकून माझे पाय धरले.

"चाचाजी, अगले साल भी इनको आप ही सिखाएँगे न?"