भिंतीकडे तोंड केलेली ताटं

ताटं मीच दिली, हे आधीच सांगून टाकते. कोणी चोरून नेली नाहीत. शेजारीण दारात आली, म्हणाली, "अगं, उद्या माझ्याकडे फॉरेनची माणसं जेवायला आहेत, तुझी ती पितळेची ताटं दे ना जरा," आणि मी या वयात स्टुलावर चढून पोटमाळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. वर आणि विचारलं, घासायला चिंच आहे का तुझ्याकडे. इतकी मी शहाणी.

आता ही ताटं कसली, ते ऐका. लालबागच्या आमच्या याच खोलीत माझी सासू खानावळ चालवायची. बायकापोरं कोकणात ठेवून गिरणीत कामाला आलेली माणसं आमच्याकडे दोन्ही वेळा जेवायची. पाळ्या वेगळ्या, म्हणून पंगतीही वेगळ्या. प्रत्येकाचं आपलं ताट, काठावर नाव कोरलेलं, आणि सगळी ताटं स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या मांडणीत ओळीनं उभी. ज्याला त्या दिवशी जेवायचं नसेल तो कामावर जाताना आपलं ताट भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. सांगायचं नाही, विचारायचं नाही. सासू शाळेत गेली नव्हती, पण मांडणीकडे एकदा बघितलं की आज पीठ किती मळायचं ते तिला कळायचं. मी लग्न होऊन आले ती थेट या ताटांच्या पुढ्यात. हातावरची मेंदी उतरायच्या आधी भाकऱ्या थापायला बसले.

शेजारणीकडचं सगळं निराळं. तिचे सासरे पोस्टात, नवरा पोस्टात. खिडकीला पडदे. आमच्याकडे सुका बोंबील भाजायला घेतला की त्यांचं दार धाडकन लागायचं. तिची सासू गॅलरीत उभी राहून माझ्या सासूला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्यात नाही बाई, पैसे घेऊन जेवायला घालत." आणि ही सून मागे उभी. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण तेव्हापासून केसांची निगा अशी राखते की आजही लोक तिला काकू म्हणतात आणि मला आजी.

तर त्याच घरात पैसे घेऊन जेवायला घालायला लागले. आणि माझ्या ताटांत.

हे कसं झालं? पूर्वी बाहेरचे लोक आमच्याकडे फिरकायचे ते गणपतीत. माना वर करून मूर्ती बघायचे, फोटो काढायचे, जायचे. आता बारा महिने येतात. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, मॉल झाले, एखादी चिमणी तेवढी उरली. जिच्या काजळीनं आमचे वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे, तिच्यासमोर उभं राहून माणसं फोटो काढतात. एक मुलगी आहे, जीन्सवाली, गळ्यात शबनम. ती पाहुण्यांना घेऊन चिमणी दाखवते, मग मसाल्याची गल्ली, मग आमच्या चाळीची गॅलरी, आणि शेवटी कोणाच्या तरी घरी जेवण. असा तिचा धंदा.

ती मुलगी पहिल्यांदा माझ्याच दारात आली होती. हे मला रात्रंदिवस टोचतं. मी गॅलरीत मिरच्यांची देठं काढत होते. हसून म्हणाली, "आजी, घर बघू का तुमचं? तुमच्याशी बोलायचंय थोडं." हातात फाईल. आता आमच्या चाळीत कोणी हसत हसत फाईल घेऊन आलं की तो बिल्डरचा माणूस, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. घरात घ्यायचं नाही, कशावर सही करायची नाही, हे आम्ही एकमेकांना बजावून ठेवलेलं. मी म्हटलं, "घरात कोणी नाही. मुलगा संध्याकाळी येतो, त्याला भेट." आणि मिरच्यांचं सूप उचलून आत गेले. कडी लावली. आतून ऐकलं, शेजारीण म्हणतेय, "ये गं बाळा, उन्हाची आलीस, पाणी घे."

संपलं. माझं नशीब तिच्याकडे जाऊन पाणी प्यायलं.

टीव्हीवर सांगतात, पर्यटनामुळे रोजगार वाढतो. मला टीव्ही कशाला पाहिजे, मी जिन्यात उभी राहून बघते. मसालेवाल्यानं छोट्या पुड्या बांधून वर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या पाहुणे भराभर उचलतात. तळमजल्यावरचा शिंपी ब्लाउज सोडून कापडी पिशव्या शिवायला लागला. चहावाल्यानं कप बदलले. चिवड्याच्या दुकानात चाखायला आधी मूठभर मिळायचा, आता आमच्यासारख्यांना विचारत नाही, गोऱ्यांना वाटी भरून देतात. आणि शेजारणीकडे? नवा फ्रिज आला. दाराला रंग आला. दारात तुळस होतीच, तिला नवी कुंडी आली. मी काही बोलले नाही. फक्त सुनेला म्हटलं, "तिचं वरण म्हणजे पिवळं पाणी. फ्रिज कसला घेते?" सून ऑफिसला निघाली होती, म्हणाली, "आई, तुम्हाला हवाय का फ्रिज? आपला आहे की." तिला काय कळणार.

ताटं परत आली तेव्हा तर मी बघतच राहिले. तिनं कल्हई करून घेतली होती. आत तोंड दिसत होतं. माझ्याकडे इतकी वर्षं काळी पडून होती, तिच्याकडे एक दिवस जाऊन नवरीसारखी चमकायला लागली. म्हणाली, "राहू देऊ का माझ्याकडेच? दर रविवारी ने-आण कशाला?" मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, बाहेर हो आलं. शेजारपण असतं ना मधे.

आमच्या दोन खोल्यांच्या मधे एक जुनं दार आहे. दोन्ही बाजूंनी कपाटं लावून बंद केलेलं, पण आवाज कुठे थांबतो? एका रविवारी मी कपाटातली चादर काढत होते. पलीकडे पाहुणे जेवत होते आणि शेजारीण सांगत होती, मुलगी इंग्रजीत करून देत होती. "याच मजल्यावर खानावळ होती. आमच्याकडे गिरणीची माणसं जेवायची. पहाटेचा भोंगा झाला की सासूबाई चूल पेटवायच्या. ही त्यांची ताटं. हात लावून बघा, नावं आहेत."

माझ्या हातातली चादर खाली पडली. सासूबाई! हिच्या सासूबाई! जिनं आमच्या बोंबलाच्या वासाला नाक दाबलं, ती चूल पेटवायची?

पाहुणे जिन्यातून खाली उतरेपर्यंत दम धरला. मग गेले.

"ती खानावळ कोणाची गो?"

"कोणती?"

"आता तू वाढलीस ती."

"अगं हळू. मुलगी अजून जिन्यात आहे."

"असू दे. तिलाही कळू दे. तुझ्या सासूनं जन्मात परक्या माणसाला पाणी तरी विचारलं का?"

ती खुर्च्या मिटत होती. थांबली. "मग त्यांना काय सांगू? सासरे पोस्टात शिक्के मारायचे? विमानात बसून माणसं शिक्के ऐकायला येतात काय?"

मला हसू येत होतं, पण मी येऊ दिलं नाही. "ताटं दे माझी. आणि गोष्टही दे."

"घे की. पाहुणे पण घे. पुढच्या रविवारचे तुझ्याकडे. कर सगळं."

"करीनच."

त्या जीन्सवाल्या मुलीला सांगितलं, आता जेवण माझ्याकडे, तेव्हा ती गोंधळली. "आजी, पण तुम्ही तर त्या दिवशी मला आत पण..."

"तू फाईल घेऊन आलीस म्हणून! फाईल घेऊन कोण येतं माणसाकडे?"

त्या रविवारी मी काय केलं नाही ते विचारा. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून मुलाला पाठवून ताजे बांगडे आणले. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, तांदळाची भाकरी, वाटाण्याची उसळ. ताटं मांडणीत लावली, तशीच ओळीनं. पाहुणे आले, पायताणं बाहेर काढून पाटावर बसले. एक गोरं जोडपं, एक बंगलोरचं. खाताना नाकाडोळ्यांतून पाणी, पण हात थांबत नव्हता. बंगलोरची बाई तर ताट पुसून जेवली. मी मनात म्हटलं, ऐक गो पलीकडे, आवाज ऐक. पिवळ्या पाण्याला कोणी असं चाटतं का?

मग मुलगी म्हणाली, "आजी, आता खानावळीचं सांगा."

मी पदर सावरून बसले. म्हटलं, "माझी सासू जेवण करायची. गिरणीची माणसं जेवायची. मग ती गिरणीत जायची."

मुलीनं इंग्रजीत सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. माझंच घर, माझीच सासू, माझ्याच हातांनी थापलेल्या हजारो भाकऱ्या, आणि तोंडात एक शब्द येईना. रोज केलेल्या कामाचं सांगायचं काय? गोऱ्या माणसानं हळूच घड्याळ बघितलं.

"अगं, संपातलं सांग ना," दारातून आवाज आला. शेजारीण. कधीची उभी होती कोण जाणे.

"संपातलं काय? मी तर बाळंतपणाला माहेरी होते."

"हो की. तू नव्हतीसच," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. मग पाहुण्यांकडे वळून सांगायला लागली. या वेळी नीट सांगितलं, हिच्या सासूबाई म्हणून. "गिरण्या बंद. कोणाला पगार नाही. जेवणाचे पैसे देता येत नाहीत म्हणून ही माणसं सकाळी बाहेर पडताना आपलं ताट भिंतीकडे फिरवून जायची. पोटात भूक, पण ताट फिरवलेलं. सगळी मांडणी पाठमोरी. मी नवी सून. आमची सासू दुपारी झोपली की हिच्या सासूबाई मला खुणेनं बोलवायच्या. म्हणायच्या, 'पोरी, ताटं सरळ कर. मी केली तर त्यांना उपकार वाटतील. तू परकी आहेस, तुझा हात लागला तर काही वाटणार नाही.' मी एकेक ताट सरळ करायची. माणसं यायची, मांडणीकडे बघायची, आणि गप बसून पेज प्यायची. कोणी विचारलं नाही, कोणी फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटं पाठमोरी. पुन्हा मी सरळ."

मुलगी शेवटी शेवटी इंग्रजी करायचं विसरली. बंगलोरच्या बाईनं आपलं ताट उचललं आणि काठावरचं नाव बोटानं चाचपलं.

आणि मी? माझा जळफळाट झाला. आता खरा झाला. फ्रिजवर जळले होते ते काहीच नाही. मी त्या बाईचं सगळं केलं, शेवटच्या दुखण्यात तिला न्हाऊमाखू घातलं, आणि ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नाही. ही मात्र दार लावणाऱ्या घरातली, हिला खुणेनं बोलावलं!

पाहुणे गेल्यावर शेजारीण ताटं विसळायला मोरीत बसली. मी राख आणि चिंच पुढे केली.

"तुला का सांगितलं? मला का नाही?"

"तू नव्हतीस ना."

"नंतर आले की. बाळ घेऊन आले."

"तू आलीस तोवर माणसं गावाला निघून गेली होती. फिरवायला ताटं कोणाची राहिली होती?" मग म्हणाली, "तुला सरळ करायला सांगितलं असतं तर तू करून मोकळी झाली असतीस आणि सगळ्या चाळीला सांगितलं असतंस."

हे काही खोटं नाही. पण म्हणून काय तोंडावर बोलायचं?

आता असं ठरलंय. जेवण माझ्याकडे, बोलणं तिचं. मुलगी दोघींना पैसे देते. पाहुणे बांगडा खातात माझा आणि निघताना हात हातात धरतात तिचा. फोटोत तिला मधे घेतात. माझ्या खोलीत, माझ्या ताटांसमोर! तिच्यासाठीही एक ताट मांडणीत असतं, ती सांगून झालं की आमच्याबरोबर जेवते.

गेल्या रविवारी कोणी गोरी म्हातारी तिच्या गळ्यात पडून रडली. मला नुसतं थँक्यू. माझं डोकं फिरलं. पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडायला शेजारीण गेली, तेवढ्यात मी मांडणीतलं तिचं ताट भिंतीकडे फिरवून ठेवलं. आणि मोरीत जाऊन भांडी आपटत बसले.

ती आली. मला ताट वाजल्याचा आवाज आला. मग पाटावर बसल्याचा. मी बाहेर येऊन बघितलं तर ताट सरळ करून पुढ्यात घेतलेलं, आणि बाई वाट बघतायत.

"वाढतेस ना?" म्हणाली. "आणि आज सोलकढीत मीठ कमी होतं हं. पाहुण्यांना कळलं नाही, मी सांभाळून घेतलं."

मी वाढलं. मीठ बरोबर होतं.