सहा वाजता उठलेल्या बाई

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी कल्याणच्या एक बाई बसतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणते'ने सुरू होतं, अगदी साहेबांशी बोलतानासुद्धा.

काम संपलं तरी साहेब उठेपर्यंत कोणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मे महिन्यात एका नव्या मुलीने सहाला पर्स उचलली.

"एवढ्यात निघालीस?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. ती रडवेली होऊन परत बसली.

बाई उभ्या राहिल्या. "मी काय म्हणते साहेब, तिचं काम झालंय, माझंही झालंय. तुम्हीपण निघा, मुलं वाट बघत असतील."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ओशाळून हसत बॅग भरायला घेतली.

आम्ही सगळे एकदमच जिना उतरलो. बाहेर अजून चक्क ऊन होतं.