बंगळूर किती लांब

मानोऱ्याहून नागपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी साठीची एक बाई बसली होती. बंगळूरला तिची लेक बाळंत झाली होती आणि बाई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. थोड्या थोड्या वेळाने ती तिकिटाचा कागद उघडायची, पुन्हा घडी घालायची.

"भाऊ, इमानाले किती वेळ लागते?"

"नागपूरहून दोन तासही नाही."

"अन् आपल्याले नागपूरले?"

"पाच तास."

ती खुदकन हसली. "पोरगी लय दूर देल्ली म्हणून दोन वर्सं रडून राह्यली मी. अन् बंगळूर तं नागपूरहूनबी जवळ निंगालं!"

नागपूरला तिला रिक्षा करून द्यावी म्हणून मी घाईने उतरलो. पाहतो तर माझ्याआधीच उतरून रिक्षावाल्याला ती सांगत होती, "इमानतळावर घे बाबा, पोरीकडे चालली."