दुसऱ्याची झीज

चौकातल्या टायरवाल्यांना सगळे ज्योतिषी म्हणत. हात बघणारे लोक तळहात बघतात, हे टायर बघत. गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याच्या तोंडाकडेही न पाहता ते मागच्या चाकाशी उकिडवे बसत, अंगठ्याने खाचा चाचपत आणि चाकाकडेच तोंड करून सांगू लागत: तुम्ही ब्रेक फार दाबता, हवा भरायचा कंटाळा करता, उजवीकडे वळायला घाबरता. बहुतेक वेळा ते खरं निघे. एका गृहस्थांना त्यांनी "रोज वाळूत गाडी लावता वाटतं" असं सहज सांगितलं. त्या गृहस्थांचं ऑफिस चौथ्या गल्लीत, डांबरी रस्त्यावर होतं आणि बायको शेजारीच उभी होती. तिने नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेव्हापासून नवरा-बायको जोडीने आले की ज्योतिषी मौन पाळत.

गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम. त्यालाही कारण होतं. डांबरावर आणि मातीत, दोन्हीकडे चालणाऱ्या उंच मोटारसायकली नव्याने दिसू लागल्या तेव्हा एका तरुणाने ठोकळ्यांचे टायर मागितले. आपण डोंगरात फिरतो, असं तो म्हणाला. ज्योतिषींनी मागितले तसे बसवून दिले. ते जाड, सुटे सुटे ठोकळे चिखलात पाय रोवून उभे राहतात, पण ओल्या डांबरावर वळताना दगा देतात. पोरगा डोंगरात एकदाही गेला नाही. कॉलेजसमोरच्या वळणावर घसरला आणि त्याचा गुडघा जन्माचा गेला. त्या दिवसापासून ज्योतिषींचं म्हणणं ठरून गेलं, की माणूस आपण कसे आहोत ते सांगत नाही, कसं असायला आवडेल ते सांगतो. टायर खोटं बोलत नाही.

बायको दुकानात त्यांच्याबरोबरीने काम करी. चाकाची दुसरी बाजू कायम तिच्या हातात. ती म्हणे, "टायरची एवढी चौकशी करता, कधी माणसाचीही करा." ते हसत आणि टायर उचकटायची टॉमी मागत.

त्या मंगळवारी सकाळी गुरांची डॉक्टरीण आली. तिशीची, ठेंगणी. खात्याच्या पांढऱ्या मोटारसायकलवर बसली की पायाची बोटं जेमतेम जमिनीला टेकायची. दगडांच्या खाणीच्या वर ज्या सहा वाड्या आहेत त्या माझ्याकडे आहेत, तिथे सगळी लाल चिकणमाती आहे आणि उद्याच वर जायचंय, तेव्हा ठोकळ्यांचे टायर हवेत, असं तिने सांगितलं. ज्योतिषींनी मागचं चाक हाताने फिरवलं. मधला पट्टा पोळपाटासारखा गुळगुळीत. कडांना मात्र कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केस तसेच उभे. दगडाचा एक ओरखडा नाही.

"ताई, हे चाक डांबर सोडून कुठे गेलेलं नाही," ते म्हणाले.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आठवड्यापूर्वी बदलून आलेली बाई, समोर पांढऱ्या केसांचा माणूस, आणि त्याच्या नजरेचं कौतुक तर ऑफिसात सगळ्यांनी ऐकवलेलं. त्याला जास्त कळत असेल असं तिला वाटलं. बायकोने चाक धरता धरता डोळ्यांनी खुणावलं, की विचारा तिला. ज्योतिषींनी डांबरी रस्त्याचे, बारीक खाचांचे टायर बसवले, हवा बघितली आणि जुने टायर मागच्या अंगणातल्या ढिगावर टाकून दिले.

रात्री पाऊस पडून गेला. ढिगातल्या टायरांत पाणी साचतं, डास होतात आणि बायको दिवसभर बोलते, म्हणून पावसानंतरच्या सकाळी एकेक टायर उलटा करून पाणी ओतायचं हे ज्योतिषींचं ठरलेलं काम होतं. साडेआठच्या सुमाराला डॉक्टरणीचा टायर हातात आला. पाणी ओतलं तशी ट्यूबसाठी आत टाकलेली पांढरी पावडर धुऊन गेली आणि खाली एक ठिगळ दिसलं. ठिगळाशेजारी पिवळ्या मेणखडूने काही लिहिलं होतं. अक्षर त्यांचंच. ठिगळ लावलं की तारीख आणि गिऱ्हाइकाची खूण टायरच्या आत लिहायची त्यांची पद्धत होती. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती आणि पुढे होतं: जाडे डॉक्टर, खिळा.

जाडे डॉक्टर म्हणजे हिच्या आधीचे. वाड्यांतल्या लोकांना गुरं घेऊन खाली यायला लावणारे, गाडी ऑफिस आणि घर एवढीच फिरवणारे. गाडी त्यांची होती, टायर त्यांचे होते. काल आपण जी झीज वाचली ती त्यांची वाचली.

ज्योतिषी तो टायर धरून तसेच उभे राहिले. बायकोने येऊन आत डोकावलं, वाचलं आणि डॉक्टरणीच्या ऑफिसला फोन लावला. बाई सहालाच वर गेल्या, खाणीपुढे फोन लागत नाही, असं कळलं. ज्योतिषींनी ठोकळ्यांचे टायर छोट्या टेम्पोत टाकले. चला म्हणायच्या आतच बायको शेजारी येऊन बसली होती.

खाणीनंतर रस्ता लाल झाला. ज्योतिषी खिडकीतून मान काढून चाकाची रेघ वाचत होते. आधी खाचा स्वच्छ उमटलेल्या. मग खाचांत माती भरलेली. पुढे नुसती गुळगुळीत पट्टी, जशी बोटाने लोण्यात ओढावी. तिसऱ्या वळणावर ती पट्टी आडवी झाली आणि कडेवरून खाली गेली. घळीत पांढरी मोटारसायकल आडवी पडली होती. माणूस नव्हतं.

ते रस्त्याच्या कडेलाच खाली बसले. पुढचं त्यांना वाचता येईना. बायको वाकून चिखल बघत होती. ती म्हणाली, "हे बूट वर गेलेत. पावलं सारखी आहेत, पाय ठीक आहेत. उठा."

पहिल्याच वाडीच्या गोठ्यात डॉक्टरीण सापडली. पालथ्या बादलीवर बसलेली, उजव्या मनगटाला काठी बांधलेली, चेहरा मातीचा. समोर गाय उभी होती, थकलेली पण जिवंत. कोपऱ्यात गोणपाटाखाली वासरू झाकलेलं होतं. ते आडवं आलं होतं. आत हात घालून वळवायला हवं होतं. डाव्या हाताने तिने तासभर प्रयत्न केला. बाहेर आलं तेव्हा त्यात धुगधुगी नव्हती.

"मला आत घालायला उजवाच हात लागतो, काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर ज्योतिषींना बरं वाटलं असतं.

"तो टायर जाड्या डॉक्टरांचा होता," ते म्हणाले.

"गाडीच त्यांची. मी सांगणार होते."

"मी विचारलं नाही."

गायीची मालकीण गोणपाटाकडे बघत राहिली. 

मनगटाला प्लास्टर पडलं. गाडी टेम्पोतून दुकानात आली आणि भिंतीला टेकून राहिली. दहा दिवसांनी डॉक्टरीण गळ्यात हात अडकवून गाडीची चौकशी करायला आली. ज्योतिषी ठोकळ्यांचा टायर रिमवर चढवतच होते. बायकोने चाकाची दुसरी बाजू सोडून दिली.

"विचारलंत?" तिने विचारलं.

ज्योतिषी थांबले. त्यांनी स्टूल पुसलं, डॉक्टरणीला बसवलं आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "सोमवारी कुठे जाता?"

तिने सगळा आठवडा सांगितला. तीन दिवस वाड्या. पण दर गुरुवारी तपासणीचे नमुने घेऊन मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, सगळं डांबर, अर्धं घाटाचं. ज्योतिषींना कॉलेजसमोरचं वळण आठवलं. पश्चात्तापाच्या भरात टेम्पोत टाकलेले हे टायरही त्यांनी न विचारताच निवडले होते. त्यांनी टॉमी उलटी घातली आणि अर्धा चढलेला टायर उतरवला. मग दुसरे निवडले: पुढच्या चाकाला ठोकळे, पण आखूड आणि जवळजवळ असलेले. मागच्या चाकाला मधल्या ओळीत ठोकळे एकमेकांना जोडलेले, कडेला सुटे. चिखलात थोडं कमी धरेल, घाटात थोडं सावकाश जावं लागेल, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. ट्यूब घालण्याआधी पिवळ्या मेणखडूने आत लिहिलं: तीन दिवस लाल माती, गुरुवारी घाट.

"मनगट कसं आहे?" त्यांनी विचारलं.

तिने प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं मिटून दाखवली. दोन मिटत होती.