कशाचा, कधीचा, काय लावलं?

"हात लावू नका. झटका."

भिंतीपलीकडून आलेला हा आवाज म्हणजे रशीदाआपांची आणि माझी पहिली भेट. अंबड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. गाळप हंगाम जोरात होता. वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरच्या अंगणात मी पांढरा शर्ट वाळत घातला होता आणि त्यावर चिमणीतून उडालेली काळी राख येऊन बसली होती. नवीन आलेला प्रत्येक माणूस करतो तेच मी करणार होतो. बोटाने पुसणार होतो.

"पुसली का ती शर्टातच राहायला येते," भिंतीवरून डोकावत त्या म्हणाल्या. "झटकली का उडून जाते. पाहुनी हाय ती."

मी शर्ट झटकला. राख उडाली, शर्ट पांढराशुभ्र राहिला. डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, असा तो चेहरा माझ्याकडे बघत होता.

"कुठले तुमी?"

"टेंभुर्णीचा. जाफराबाद तालुका."

"मंग बराबर. तिकडं चिमणी न्हाई," असं म्हणून त्या दिसेनाशा झाल्या.

आपांचे यजमान बाबूभाई कारखान्यात फिटर होते. रोज ग्रीस, ऑइल आणि मळी अंगावर घेऊन घरी यायचे. आपा म्हणायच्या, "माझी शाळा म्हंजे ह्यांची पँट. पंचवीस वर्षं शिकून राह्यले, आजून पास झाले न्हाई." पण वसाहतीच्या लेखी त्या कधीच पास झाल्या होत्या. कुणाच्या साडीवर लोणच्याचं तेल सांडलं, कुणाच्या पोराने भिंतीवर स्केचपेन चालवलं, कुणाच्या चादरीला केळीचा चीक लागला, की सगळ्यांची वाट आपांच्या ओट्याकडे. तिथे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात खडूचे तुकडे, तुरटीचा खडा, मीठ, एक दात पडलेला टूथब्रश, रॉकेलची छोटी बाटली आणि सुती चिंध्या. लिंबं मात्र ज्याची त्याने आणायची.

डब्याला हात लावण्याआधी त्या तीन प्रश्न विचारायच्या. कशाचा? कवाचा? काय लावलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक पटापट द्यायचे. तिसऱ्याला अडखळायचे. कारण प्रत्येकाने घरी आपापली अक्कल चालवलेली असायची. रक्ताच्या डागावर गरम पाणी ओतलेलं असायचं, शाईवर टूथपेस्ट घासलेली असायची. आपा रागवायच्या नाहीत, पण खरं सांगितल्याशिवाय कापड हातातही घ्यायच्या नाहीत. "डॉक्टरला खोटं सांगून दवा मिळते का? डाग आगुदर तुमच्या तोंडातून निघाला पाह्यजे, मंग कपड्यातून."

आमच्या शेती विभागातले एक तरुण अधिकारी बायकोला पान खाणं सोडण्याचं वचन देऊन बसले होते. एकदा ते शर्ट घेऊन आले. सोबत बायको. खिशाखाली लाल ठिपका.

"कशाचा?"

"कुंकवाचा, आपा. देवळात लागला."

आपांनी शर्ट नाकाजवळ नेला. मग शांतपणे विचारलं, "कुंकवाला इलायचीचा वास कवापासून येऊन राह्यला, साहेब?"

त्या संध्याकाळी त्या क्वार्टरमध्ये काय झालं ते सांगत नाही, पण शर्ट स्वच्छ झाला. पानाच्या डागाला आपांनी दही लावलं होतं. "कुंकू म्हनून केलं असतं तर गेला नसता," त्या मला म्हणाल्या. "कापड खोटं बोलत न्हाई. कापडवाला बोलतो."

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. आपा सहावीपर्यंत शिकलेल्या. त्यामुळे सुरुवातीला मला त्यांना शिकवण्याची फार हौस. आमच्या बोअरच्या पाण्याला भयंकर क्षार. बादल्या, नळ, न्हाणीतली फरशी, सगळ्यावर पांढरी पुटं. आपा वरणातून काढलेली चिंच फेकून न देता नळाला बांधून ठेवायच्या आणि सकाळी घासायच्या. मी हसलो आणि प्रयोगशाळेतलं ॲसिड आणून आमच्या न्हाणीत ओतलं. फेस आला, पुटं गेली, मी खुशीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फरशीची चकाकीही गेलेली, हात फिरवला तर खरखरीत. माझी बायको वंदना आपांना बोलावून घेऊन आली. आपांनी वाकून बघितलं.

"तुमी डाग न्हाई काढला, साहेब. फरशी काढली."

वंदना आजही मला ते वाक्य ऐकवते. मी एखादी गोष्ट दुरुस्त करायला घेतली की ती म्हणते, "फरशी काढू नका."

इथवर लिहायला मजा वाटली. पुढचं लिहायचं म्हणून मी हे लिहायला बसलो, आणि इथेच माझा हात थांबतो आहे.

वसाहतीच्या तोंडाशी कांताभाभींचं किराणा दुकान. घराणं मूळचं राजस्थानचं, पण दोन-तीन पिढ्या इथेच. दुकानामागे त्यांचं घर. एका मे महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेवासाठी पांढरा रेशमी कोट शिवून आणला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी कॉलरला हँगरच्या गंजाचा ठिपका दिसला. भाभींनी कोट आपांकडे धाडला. आपांनी लिंबू-मिठाने ठिपका काढून दिला आणि भाभींनी त्यांच्या हातावर मिठाईचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. ज्याच्या त्याच्या अंगाला हळद लागत होती, माझे हात मनगटापर्यंत पिवळे. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही भरवशाचे माणूस. वरच्या खोलीतून जरा नवरदेवाचा टॉवेल आणा." मी वर गेलो, दार ढकललं, आणि दारामागच्या खुंटीवरचा कोट घसरला. तो जमिनीवर पडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी झेलला. छातीवर, खिशाच्या खाली, माझी चार पिवळी बोटं उमटली.

तेव्हाच खाली येऊन सांगितलं असतं तर लोक हसले असते, एवढंच. झेलताना लागलं, त्यात गुन्हा कसला. पण 'भरवशाचे माणूस' हे शब्द कानात ताजे होते. मी न्हाणीत शिरलो, कपडे धुवायची साबणाची वडी घेतली आणि डागावर घासली. पिवळी बोटं बघता बघता लाल झाली. रक्तासारखी लाल. साबणाने हळद लाल होते हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मी रोज दहा वेळा रसाची आम्लता तपासणारा माणूस, आणि घाबरल्यावर मला तेवढंही आठवलं नाही. मी कोट पुन्हा खुंटीवर टांगला, डागाची बाजू भिंतीकडे केली, टॉवेल घेतला आणि खाली आलो.

दुपारी एकच्या सुमाराला वरून भाभींचा आवाज आला. सगळे धावले. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या छातीवर लाल डाग. एक म्हातारी तर अपशकुन म्हणून रडायलाच लागली. मग कुणीतरी म्हणालं, "काल आपाने लिंबू-मीठ चोळलं होतं ना, तेच उमटलं असेल." आणि ते सगळ्यांना पटलं. आपांना बोलावणं गेलं.

त्या आल्या, कोट उजेडात धरला आणि नेहमीसारखं विचारलं, "कशाचा? कवाचा? काय लावलं?"

मी तिथेच उभा होतो. आपांची नजर एकेकावरून फिरत माझ्यावर आली, खाली गेली, माझ्या हातांवर थांबली. मी हात पाठीमागे घेतले.

"तूच काल लावलंस, आणि आता आम्हाला विचारतेस?" भाभी म्हणाल्या. रोज आपांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या भाभी.

आपांनी कोट हातावर घेतला. मग म्हणाल्या, "बरं. माझ्या हातून झालं आसंल. आता लिंबू द्या, थंड पानी द्या, आन् गच्ची खाली करा. जल्दी."

त्यांनी साबण धुऊन काढला. लिंबाचा रस पिळला तसा लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मग गच्चीवरच्या मे महिन्याच्या उन्हात कोट पसरला आणि शेजारी छत्री घेऊन बसल्या. दर थोड्या वेळाने डागावर पाणी शिंपडायचं, पुन्हा ऊन. "हळदीचा दुश्मन एकच, सूरज," त्या म्हणायच्या. संध्याकाळी वरात निघाली तेव्हा डाग ओळखू येत नव्हता. फोटोतही दिसत नाही. मी ते फोटो फार वेळा पाहिले आहेत.

डाग गेला, पण आपांचं नाव गेलं. त्या दिवसानंतर वसाहतीतल्या बायका चादरी आणि गणवेश त्यांच्याकडे द्यायच्या, रेशमी साड्या मात्र जालन्याच्या लाँड्रीत. भाभी तर पायपुसणंही देईनात. आपांनी कधी तक्रार केली नाही, पण बिस्किटांच्या डब्यातली मलमलची चिंधी, नाजूक कापडासाठी ठेवलेली, तशीच घडी घातलेली राहिली. मला ती दिसायची.

मी माझ्या परीने भरपाई करत राहिलो. गावाकडून लिंबांच्या पिशव्या आणायचो. रमजानात इतके खजूर न्यायचो की एकदा आपा म्हणाल्या, "साहेब, दुकान टाकू का मी?" बाबूभाई पोट धरून हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही. वंदनाला मी हे सांगितलं ते पाच वर्षांनी. ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगता? दार तर शेजारचं आहे." तरी मला आणखी सहा वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी बाबूभाई निवृत्त झाले. जालन्याला मुलाकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोत भरून झालं तरी आपा रिकाम्या क्वार्टरमध्ये बसून ओल्या फडक्याने स्विचची बटणं पुसत होत्या.

"आपा, आता कशाला? रंग तर देणारच आहेत."

"देऊ दे की. मी आलते तवा घान होतं. जो येईल त्याला तसं न्हाई मिळालं पाह्यजे."

मी जमिनीवर बसलो. "आपा, एक डाग आहे."

त्यांनी फडकं खाली ठेवलं, चष्मा नीट केला. "कशाचा?"

"हळदीचा."

"कवाचा?"

"अकरा वर्षांचा."

त्यांनी विचारलं, "काय लावलं?"

"साबण."

"माहीत हाय," आपा म्हणाल्या. "तुमची बोटं लाल होती. हळदीच्या घरात लाल बोटं एकाचीच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर भांडन झालं असतं. भांडनात दोन घंटे गेले असते. ऊन किती राह्यलं होतं? कपड्याला ऊन पाह्यजे होतं, साहेब, तुमचं नाव न्हाई." मग फडकं पिळत हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, दुसऱ्या दिवशी याल. तवा ताजा होता."

त्यांनीच मला उठवलं. "आता मला काय सांगून राह्यले? कोट माझा होता का? टेम्पो निघायला आर्धा घंटा हाय."

मी दुकानावर गेलो. भाभी साबुदाणा मोजत होत्या, समोर दोन गिऱ्हाइकं. ती जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं. मग वाटलं, आपांना बोल लावला तेव्हा किती माणसं होती. मी गिऱ्हाइकांसमोरच सगळं सांगितलं. खुंटी, बोटं, साबण, सगळं.

भाभींचा हात तराजूवर तसाच राहिला. "अकरा साल," त्या म्हणाल्या. "रोज इथं बसून चहा पीत होता तुम्ही." मग त्या आत निघून गेल्या. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्यापैकी एकाने माझ्याकडेच साबुदाणा मोजून मागितला तेव्हा मी भानावर आलो.

परत आलो तर आपा टेम्पोत पुढे बसलेल्या, मांडीवर बिस्किटांचा डबा. बाबूभाई कुलूप लावत होते. मी म्हणालो, "सांगितलं."

"काय म्हनली?"

"काही नाही."

"म्हनंल," आपा म्हणाल्या.

टेम्पो सुरू झाला आणि तेवढ्यात कांताभाभी धापा टाकत येताना दिसल्या. पायांत चपला दोन वेगवेगळ्या. हातात गुलाबी रेशमी ओढणी, जरीच्या काठाची, त्यावर तेलाचा हा एवढा डाग. त्यांनी ती खिडकीतून आत धरली.

आपांनी ओढणी उजेडात धरली. आवाजात काहीही फरक न करता विचारलं, "कशाचा?"

"केरीच्या लोणच्याचा."

"कवाचा?"

"परवाचा."

"काय लावलं?"

भाभींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "साबण नाही लावला, आपा. तुमच्यासाठी तसाच ठेवला होता."

आपांनी डबा उघडला, मलमलची चिंधी बाहेर काढली, तिच्यात ओढणी गुंडाळली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला."