वहिनीसोबत खेळायला निवडलेला गेम

मंडळी, आज दुपारी माझा अंदाज साफ चुकला.

दादाचं लग्न नुकतंच झालंय. तो नोकरीसाठी सुरतेत असतो, वहिनी इथे नंदुरबारला आमच्याकडे. ती विचारलं तेवढंच बोलते. तिला एकटं वाटू नये म्हणून दादाच्या कन्सोलवर दोघींनी खेळायचं मी ठरवलं.

गेम निवडायलाच आठवडा गेला. मारामारीचा नको, नणंद-भावजयीत ते बरं दिसत नाही. शर्यतीचा नको, ती हरली तर? कुणाला कमीपणा येईल असं वागू नये, हे आप्पांनी लहानपणीच शिकवलंय. शेवटी दोघींनी मिळून हॉटेलचा स्वयंपाक करायचा, असा गेम मी लावला.

वहिनी थोडा वेळ पडद्यावर कांदे कापत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, दिनभर सैपाक करस मी. आते टीव्हीमा बी सैपाकच करू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग कोणता लावू?"

"मारामारीना."

पहिला ठोसा मारल्यावर तिने घाबरून विचारलं, "लागनं का, ताई?" मला हसू फुटलं. तशी तीही खळखळून हसली आणि पुढच्याच ठोशात मला आडवं केलं.

आठवडाभर मी तिच्या वतीने सगळं ठरवत होते, तिला मात्र विचारलं नव्हतं. तुमच्या घरी नव्या सुनेला कुणी विचारतं का, तुला काय आवडतं?