शापाला दिलेला होकार

लवू घाडीचा बाप देवगडकडच्या एका गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा. हात जोडून साऱ्या गावाच्या वतीनं मागणं मागायचा, आणि प्रत्येक मागण्यामागून गाव एका सुरात म्हणायचं, "व्हय महाराजा!" लवू मुंबईला आला तो हाच आवाज गळ्यात घेऊन. लालबागच्या चाळीत राहिला, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला, गिरणी बंद पडली तेव्हा कॉटन ग्रीनच्या गोदामावर राखणीला बसला. पण आवाज त्यानं बियाण्याच्या भातासारखा जपला. चाळीतल्या पोरांची टीम मॅचला निघो की मंडळाच्या हॉलात नवा पंखा लागो, लवूच्या गाऱ्हाण्याशिवाय काही हलत नसे. पंखा तरीही कुरकुरायचाच, तो भाग वेगळा.

लवूची नात अपेक्षा. लोअर परळच्या एका ऑफिसात ती फिल्मचं एडिटिंग करते. तिच्या डोक्यात एकच वेड होतं: रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलात देशोदेशीचे सिनेमे दाखवायचे, आणि सिनेमा संपला की चाळीनं बसून त्यावर बोलायचं.

मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला, "एकदा लावून बघ. लोक शेवटपर्यंत बसले तर रविवार तुझा. उठून गेले तर शिकवणीचा क्लासवाला कधीचा हॉल मागतोय, त्याला देणार. मग रडायचं नाही हां."

आणि पोरीनं निवडला काय, तर चेक देशातला भुताचा सिनेमा.

"सोपा काय गावला नाय तुका?" लवूनं विचारलं.

"सोपं सगळ्यांच्या मोबाईलवर आहे, आजोबा."

रविवारी हॉल भरला. सिनेमा सुरू झाला. बर्फातलं एक गाव, आणि त्यात एक म्हातारी धोबीण. ती मेलेल्या माणसांचे कपडे धुऊन दोरीवर टाकते, आणि कपडे आपोआप उतरून अंगं शोधत गावभर हिंडतात. रिकामा कोट दारावर थाप मारतो. पाव कापला की आतून रडणं ऐकू येतं. बोलणं चेक, खाली अक्षरं इंग्रजी, तीही भुरकन जाणारी. लवूच्या मोतीबिंदूला तर नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

मागून टीममधला रघु ओरडला, "अपेक्षा, हिरो कधी येणार गं? का तोपण दोरीवरच आहे?"

हॉल फिदीफिदी हसला. शेजारची गंगुबाई पुटपुटली, "बर्फात कसले कपडे सुकतत? म्हातारेक अक्कल नाय." दोन बायका पदर सावरत उठल्या. त्यांच्यामागून आणखी चारजण. दारात हितेंद्र उभा होता, आणि जाणाऱ्याकडे बघून हळूच मान हलवत होता.

लवूनं नातीकडे पाहिलं. ती पडद्याकडे नाही, दाराकडे बघत होती. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच विसरली होती, तेव्हाचाच चेहरा. म्हाताऱ्याला उठून काहीतरी करावंसं वाटलं. पण सिनेमाला माणूस काय मदत करणार?

तेवढ्यात पडद्यावर धोबीण विहिरीच्या काठावर आली. आभाळाकडे हात केले आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाली. थांबली. पुन्हा एक ओळ म्हणाली. पुन्हा थांबली.

लवूचा जीव कासावीस झाला. मागणाऱ्यानं मागावं आणि कोणी होकाराचा जाब देऊ नये? त्याच्या गावी असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या ओळीनंतर ती थांबली, आणि लवूच्या तोंडून आपसूक निघालं,

"व्हय महाराजा!"

मग पुढची ओळ आली आणि गंगुबाईनं सूर लावला. त्याच्या पुढच्या ओळीला सगळा हॉल. उठलेले लोक दारातच वळले. पडद्यावरची म्हातारी जणू ऐकू आल्यासारखी जोरजोरात मागत गेली, आणि लालबाग तिला होकार देत गेलं.

अपेक्षा धावत आली. "आजोबा, थांबा! ती शाप देतेय!"

"शाप? कोणाक?"

"गावाला. तिच्या मुलाला थंडीत मरू दिलं त्यांनी. म्हणतेय, तुमच्या चुलीला दात फुटोत, तुमचा आरसा तुम्हाला न ओळखो."

"आवशीक खाव! आणि आपण व्हय म्हटला?"

ही बातमी रांगेरांगेतून पसरली. आता उठायची कोणाची छाती! शापाला होकार देऊन अर्ध्यावर घरी कोण जाणार? जे आधीच घरी गेले होते त्यांनाही हाका मारून आणलं. लोक पुढे सरकून बसले. रिकामा कोट आता दारावर थाप मारू लागला तेव्हा कोणी हसलं नाही. रघुनं तर पाय वर घेतले.

सिनेमा संपला, दिवे लागले, आणि एकच गलका उडाला. मुलगा मेला कसा? कोट कोणी उचलला? पाव का रडतो? अपेक्षा एकाला सांगेपर्यंत दुसरा विचारायचा.

गंगुबाईनं डोळे पुसले. "पोर गेलेल्या बाईची अक्कल मी काढलंय. माझा पोरगा गेला तेव्हा त्याचा शर्ट मी पण किती दिवस धुवत होतंय."

मग हितेंद्रनं घसा खाकरला. "लवूकाका, मीपण व्हय म्हटलं होतं. घरी नवा आरसा बसवलाय. काहीतरी करा."

लवू उठला, हात जोडले. "बा देवा महाराजा, परक्या मुलखातली बाय, दुःखान बोलली. आम्ही न समजता जाब दिलो. ता वाकडा असात ता सरळ कर. तिच्या पोराक आणि आमच्या पोरांक ऊब दी रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

तरी कोणी जाईना. खुर्च्या गोल झाल्या, खालून चहा आला. पाव रडतो कारण त्या गावानं उपाशी माणसाला तो नाकारला होता, असं रघु ठासून सांगू लागला. अपेक्षा म्हणाली की हे तिलाही सुचलं नव्हतं. रघु फुशारला.

हितेंद्रनं कप खाली ठेवला. "क्लासवाल्याला मी नाही म्हणून सांगतो. रविवार तुझा. फक्त आधी सांगत जा बाई, कुठे व्हय म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं."

"ते मलाही माहीत नसतं, काका," अपेक्षा म्हणाली, आणि लवूला वाटलं, पोरगी किती दिवसांनी हसली.